लग्नानंतरच्या प्रेमाच्या कविता कुठे आहेत? नवरा-बायकोवरच्या कविता सुचवा

सायली_ठाणे

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात कवितावाचन आहे, या वेळचा विषय नवरा-बायकोचं प्रेम, आणि कविता निवडायचं काम माझ्याकडे आलंय. शोधायला बसले तर एक गोष्ट सारखी जाणवतेय की आपल्याकडे प्रेमकविता म्हटलं की ती बहुतेक लग्नाआधीचीच, चोरून भेटणं, वाट बघणं, रुसणं, पाऊस, चांदणं, आणि मग लग्न लागलं की कविता गप्प होते ती एकदम दोघांपैकी एक गेल्यावरच परत बोलायला लागते. मधली एवढी वर्षं कुठे गेली? पहाटे उठून भरलेलं पाणी, डबे, दवाखान्याच्या फेऱ्या, पगार पुरवणं, म्हाताऱ्या सासूचं करणं, यातलं प्रेम कोणी लिहिलंय की नाही?

दुसरं म्हणजे बायकोची नवऱ्यावरची भक्ती शोधायला जावं लागत नाही, व्रतं, कहाण्या, वटपौर्णिमा सगळीकडे तेच आहे. नवऱ्याने बायकोवर तेवढाच जीव टाकलाय असं कवितेत कुठे सापडतं? मला दोन्ही बाजू हव्यात.

ऐकायला येणाऱ्यांत बरीच जोडपी सत्तरीतली आहेत, काही जणी आता एकट्या आहेत, त्यामुळे नुसतं रडवणारं नको आणि खोटं गोडगोड तर मुळीच नको. ओवी, अभंग, संस्कृत, नवकविता काहीही चालेल. शक्यतो मूळ ओळी द्या, फॉरवर्डमध्ये कवीचं नाव दरवेळी वेगळंच असतं.

अण्णा_नागपूर

सायलीताई, दुसरा प्रश्न आधी घेतो कारण त्याचं उत्तर फार जुनं आहे. कालिदासाच्या रघुवंशाचा आठवा सर्ग काढा, अजविलाप, म्हणजे अज राजाने बायको इंदुमतीसाठी केलेला शोक. इंदुमती आमच्या विदर्भाची लेक, भोजराजाची बहीण, भर स्वयंवरात बाकी सगळे राजे सोडून तिने अजाला माळ घातली. पुढे एकदा दोघं बागेत असताना नारदाच्या वीणेवरची फुलांची माळ वाऱ्याने उडून तिच्या छातीवर पडते आणि ती जागच्या जागी जाते. अज एवढा मोठा राजा, पण कालिदास त्याला इथे धीरगंभीर वगैरे बोलूच देत नाही, तो तिला मांडीवर घेऊन रडतो, फुलांशी भांडतो, दैवाशी भांडतो आणि शेवटी म्हणतो

गृहिणी सचिवः सखी मिथः प्रियशिष्या ललिते कलाविधौ ।
करुणाविमुखेन मृत्युना हरता त्वां वद किं न मे हृतम् ॥

घर सांभाळणारी तू, सल्ला देणारी तू, एकांतातली मैत्रीण तू, कला शिकताना माझी लाडकी शिष्या तूच, मग निर्दय मृत्यूने तुला नेलं तेव्हा माझं काय न्यायचं राहिलं ते तरी सांग. या श्लोकात तिच्या रूपाबद्दल एक अक्षर नाही हो! अजाला जे आठवतंय ते सगळं रोज सोबत राहिल्यावरच कळणारं आहे, राजाला राज्यकारभारात बायकोचा सल्ला लागत होता हे तो सगळ्यांदेखत सांगतोय. पुढे तो आठ वर्षं जगतो, तेही दशरथ लहान म्हणून. मुलगा राज्य सांभाळायला तयार झाला की अज अन्न सोडतो आणि गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवतो. वटपौर्णिमेच्या कथेत बायको नवऱ्यासाठी यमाच्या मागे जाते, इथे नवरा बायकोच्या मागे गेलाय, हे मी वर्गात शिकवताना दरवर्षी मुद्दाम सांगायचो आणि मुली मान वर करून बघायच्या.

आता तुमची मधली वर्षं. त्यासाठी संस्कृत नाटककार भवभूती. हाही आमच्याकडचा, पद्मपूरचा, गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ आहे तेच ते पद्मपूर असं मानतात. उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकात राम आणि सीता आपल्याच आयुष्याची चित्रं बघतात, वनवासातली, पंचवटीतली, बघून बघून सीता दमते, पोटुशी आहे, रामाच्या दंडावर डोकं ठेवून तिला झोप लागते. तिच्याकडे बघत राम म्हणतो

अद्वैतं सुखदुःखयोरनुगतं सर्वास्ववस्थासु यद्
विश्रामो हृदयस्य यत्र जरसा यस्मिन्नहार्यो रसः ।
कालेनावरणात्ययात् परिणते यत् स्नेहसारे स्थितं
भद्रं तस्य सुमानुषस्य कथमप्येकं हि तत् प्रार्थ्यते ॥

सुखात आणि दुःखात जे एकच असतं, कुठल्याही दिवसांत साथ सोडत नाही, जिथे मनाला विसावा मिळतो, म्हातारपण ज्याची गोडी काढून घेऊ शकत नाही, काळ जाईल तसे मधले आडपडदे गळून पडतात आणि नुसता स्नेह शिल्लक राहतो, असं काही एखाद्या भाग्यवंतालाच आणि तेही मोठ्या मुश्किलीने मिळतं. सत्तरीतल्या माणसांसमोर हे वाचा. तरुण पोरांना यातला तिसरा चरण कळायला अजून वेळ आहे.

गोदाकाठ

अण्णांनी संस्कृत दिलं, मी आपल्या मातीतलं देतो. गाथासप्तशती. सातवाहन राजा हालाच्या नावावरचा संग्रह, सातशे गाथा, भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे मराठीची आजीच म्हणा. यात चोरटं प्रेम भरपूर आहेच पण संसारातल्या बायका इतक्या आहेत की सायलीताई तुम्हाला जे हवंय ते नेमकं इथेच आहे, डबे-पाणीवालं. ही बघा

घरिणीए महाणसकम्मलग्गमसिमइलिएण हत्थेण ।
छित्तं मुहं हसिज्जइ चंदावत्थं गअं पइणा ॥

स्वयंपाक करता करता बाईचा काजळीने माखलेला हात चेहऱ्याला लागलाय, गालावर काळा डाग पडलाय, आणि नवरा ते बघून हसतोय की आता तर तुझा चेहरा थेट चंद्र झाला. बस, एवढंच आहे. चुलीपुढची बाई, घामाघूम झालेली असणार, आणि तो बाहेर ओसरीवर पाय पसरून न बसता आत येऊन तिच्याकडे बघतोय. दोन हजार वर्षांच्या आसपासची कविता आणि स्वयंपाकघर जसंच्या तसं.

दुसरी एक आहे, नवरा परगावी गेलाय त्या बाईची

अज्जं गओ त्ति अज्जं गओ त्ति अज्जं गओ त्ति गणिरीए ।
पढम व्विअ दिअहद्धे कुड्डो रेहाहिं चित्तलिओ ॥

तो आज गेला, आज गेला, आज गेला असं मोजत ती भिंतीवर रेघ मारत बसली आणि पहिल्या दिवशीची दुपार व्हायच्या आतच भिंत रेघांनी भरून गेली. एक दिवस एक रेघ मारायची असते, हिला अर्धा दिवसही पुरला नाही. आमच्या भागातून ऊसतोडीला माणसं जातात, काही घरांत मागे एक जण राहतं, त्यांना ही गाथा वाचून दाखवली की समजवावी लागत नाही. मराठी अर्थासकट हवं असेल तर स. आ. जोगळेकरांची प्रत बघा, १९५६ ची आहे, जुन्या ग्रंथालयात मिळेल.

कृष्णाकाठची_सून

उखाणे विसरू नका कोणी. दोन ओळींची कविताच आहे ती आणि प्रत्येक बाईला यायचीच. आमच्या आजीने आयुष्यभर आजोबांचं नाव असं तोंडाने घेतलं नाही, हाक मारायची तर "अहो" नाहीतर "ऐकलं का", फक्त मंगळागौर, डोहाळजेवण, हळदीकुंकू असं काही असलं की उखाण्यात घ्यायची, तेवढा एकच क्षण तिला ते नाव उच्चारायला मिळायचा आणि त्या वेळी तिचा चेहरा बघायला आम्ही पोरी पुढे जाऊन बसायचो. पुरुषांचं म्हणाल तर "भाजीत भाजी मेथीची" म्हणून सुटतात बहुतेक. कट्ट्यावर आलेल्या जोडप्यांना शेवटी एकेक उखाणा घ्यायला लावा, पुरुषांना आधी.

केतकी_पुणे

धागा छान चाललाय पण मला एक बोलायचंच आहे. अण्णा, तुमचा अद्वैतं सुखदुःखयोः मला पाठ आहे, सुंदरच आहे, पण तो श्लोक म्हणून संपत नाही तोवर दुर्मुख नावाचा हेर येतो, लोक काय बोलतात ते कानात सांगतो आणि त्याच रामाने दंडावर झोपलेल्या त्याच गरोदर सीतेला वनात पाठवलेलं असतं. कट्ट्यावरच्या म्हाताऱ्या बायकांना हे माहीत असणार, त्यांच्यापुढे तेवढाच श्लोक कापून वाचायचा का?

आणि बायकांच्या निष्ठेच्या कविता वाचताना ती निष्ठा त्यांना किती महाग पडली तेही सांगा. शिऊरच्या संत बहिणाबाई, सतराव्या शतकातल्या, लहानपणीच मोठ्या बिजवराशी लग्न, तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याने मारहाण केली, ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करायचं हे त्याला सहन झालं नाही. हे सगळं तिने स्वतः अभंगांत लिहून ठेवलंय, आणि त्याच बाईने पतिव्रतेच्या धर्मावरही अभंग लिहिलेत. नवरा आजारी पडला तेव्हा तिनेच त्याची सेवा केली. मला ते अभंग वाचताना फार त्रास होतो, पण ते सोडून पुढे जाता येत नाही. तिला देव हवा होता आणि घरही मोडायचं नव्हतं, दोन्ही ओझी तिनेच वाहिली.

जात्यावरच्या ओव्यांचंही बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगाव जाऊन एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यात बाई भरभरून गाते ती आईवर, भावावर, लेकावर. नवरा येतो तो बराचसा कुंकू म्हणून, चुडा म्हणून, त्याच्या आयुष्याचं मागणं म्हणून, कारण तो गेला की हिच्या वाट्याला काय येणार ते तिला पक्कं माहीत होतं. त्या मागण्यात प्रेम किती आणि धास्ती किती हे वेगळं काढता येत नाही, आणि काढूही नये असं मला वाटतं.

मला विचाराल तर दोघांना सोबत धरणारी मराठीतली सगळ्यात मोठी कविता सोयराबाईंची आहे. नवरा चोखामेळा अभंग लिहितो, बायको लिहिते, पोरगा कर्ममेळा लिहितो, सगळं घरच देवळाच्या दाराबाहेर उभं राहून लिहितंय. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत पडून गेले. सोयराबाईंचा हा अभंग सगळ्यांनी ऐकलेला असतो

अवघा रंग एक झाला । रंगी रंगला श्रीरंग ॥
मी तूंपण गेलें वाया । पाहतां पंढरीचे राया ॥

आणि शेवट

पाहते पाहणें गेलें दूरी । म्हणे चोखियाची महारी ॥

अभंग विठ्ठलाचा आहे, नवऱ्याचा नाही. पण अभंगात कवी स्वतःचं नाव घालतो तिथे तिने स्वतःसोबत नवऱ्याचं नाव घातलं, आणि ज्या जातीच्या नावाने दोघांना हाकललं जायचं तेही तिथेच ठेवलं. दोघं मिळून एकाच देवाशी भांडणारी ही माणसं. मला यापुढे अनेक पतिव्रतांच्या कहाण्या फिक्या वाटतात.

अण्णा_नागपूर

केतकी, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य आणि भवभूतीलाही ते मान्य असतं, म्हणून तर त्याने तो श्लोक बरोबर तिथे ठेवलाय, टाकून देण्याच्या अगदी आधी. आणि त्याने रामाला सोडलेलं नाही. तिसरा अंक बघा, छाया अंक म्हणतात तो. बारा वर्षांनी राम जनस्थानात परत येतो, आपल्या नाशिकच्या गोदावरीकाठी. तिथे वनदेवता वासंती त्याला तोंडावर विचारते, अयि कठोर यशः किल ते प्रियम्, अरे कठोर माणसा तुला म्हणे कीर्ती प्यारी, मग यापेक्षा मोठी अपकीर्ती कोणती? आणि सीता तिथेच उभी असते, गंगेच्या वराने कोणाला न दिसणारी. राम रडतो ते ती ऐकते, तो शुद्ध हरपून पडतो तेव्हा हात लावून त्याला जागं करते. रागही आहे, मायाही आहे, दोन्ही एकाच हातात. त्यामुळे सायलीताई, पहिल्या अंकातला श्लोक वाचलात तर तिसऱ्या अंकातला हा प्रसंग चार वाक्यांत सांगाच, केतकींचा मुद्दा बरोबर आहे, अर्धा वाचू नका.

वेळ कमी असेल तर भवभूतीचाच दुसरा घ्या, मालतीमाधव नाटकातला, लग्न करणाऱ्या दोघांना वडीलधारी संन्यासिनी कामंदकी सांगते तो

प्रेयो मित्रं बन्धुता वा समग्रा सर्वे कामाः शेवधिर्जीवितं वा ।
स्त्रीणां भर्ता धर्मदाराश्च पुंसामित्यन्योन्यं वत्सयोर्ज्ञातमस्तु ॥

सगळ्यात जवळचा मित्र, सगळं गणगोत, सगळ्या इच्छा, ठेवा, जीवसुद्धा, हे सगळं बाईला नवरा आणि पुरुषाला बायको, लेकरांनो दोघांनीही एकमेकांबद्दल हे लक्षात ठेवा. आठव्या शतकातला माणूस दोघांना एकच गोष्ट सांगतोय, बायकोला वेगळी आणि नवऱ्याला वेगळी नाही.

खान्देशी_माणूस

आमच्या बहिणाबाई चौधरींचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. आसोद्याच्या, जळगावजवळच्या, शाळेचं तोंड पाहिलं नाही, तिशीत नवरा गेला, पदरात पोरं. गाणी शेतात नाहीतर जात्यावर म्हटलेली, मुलाने, सोपानदेवांनी, लिहून घेतली म्हणून वाचली आणि ती गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक आलं. "अरे संसार संसार जसा तवा चुल्ह्यावर" सगळ्यांना येतं पण त्याच गाण्यात पुढे आहे

अरे संसार संसार दोन जीवांचा इचार
देतो सुखाले नकार अन दुखाले होकार

दोघांनी मिळून केलेला विचार, आणि तो सुखाला नाही म्हणतो, दुःखाला हो म्हणतो. एवढ्या दोन ओळीत अख्खा संसार आला राव. ही तुमची मधली वर्षं.

आणि नवरा गेल्यावरची बघा

कुंकू पुसलं पुसलं आता उरलं गोंदन

आणि

जरी फुटल्या बांगड्या मनगटी करतूत
तुटे मंगयसुतर उरे गयाची शपत

लोकांनी कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र तोडलं, पण गोंदण पुसता येत नाही, मनगटातली ताकद फोडता येत नाही आणि गळ्याची शपथ तोडता येत नाही. नवऱ्याला दिलेली शपथ गळ्यात तशीच आहे आणि आता पोरं वाढवायची आहेत. तुमच्या कट्ट्यावर ज्या एकट्या बाया आहेत ना ताई, त्यांच्यासाठी हे नक्की वाचा. हे रडवणारं नाही, हे उभं करणारं आहे. माझी माय हे गाणं म्हणायची, बाप गेल्यावर जास्तच म्हणायची. फक्त कोणीतरी आमच्याकडचं वाचायला शोधा, ळ चा य नीट आला पाहिजे.

बेळगावकरीण

आमच्या गावच्या इंदिरा संत. नवरा ना. मा. संत, तेही लिहिणारे, दोघांचा मिळून 'सहवास' नावाचा कवितासंग्रह आहे. १९४६ मध्ये ते गेले, इंदिराबाई तेव्हा बत्तिशीच्या, लहान मुलं, बेळगावात शिक्षिकेची नोकरी. पुढे २००० पर्यंत जगल्या आणि लिहीत राहिल्या. 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ' वाचताना कळतं की तो माणूस कवितेतून कधी गेलाच नाही, पण त्या त्याचं नाव घेत नाहीत, दुःख मोठ्याने मांडत नाहीत, एखादी साडी, एखादी संध्याकाळ, दारातलं झाड, त्यातून तो येतो.

पण सायली, तुला मी सुचवीन ती त्यांची पावसाला रागावणारी कविता, 'नको नको रे पावसा'. घर गळकं आहे, कौलावर नाचू नको, एवढ्या गळतीखाली ठेवायला भांडी कुठून आणू, सायली दारात आहे तिला मोडू नको, असं ती बाई पावसाला दटावत राहते. आणि शेवटी म्हणते की हे सगळं सोसते मी, एकच काम कर माझं, माझा सखा वाटेत आहे त्याला माघारी घेऊन ये, आठ कोस आडवा धाव, विजेला कडाडायला सांग, त्याला नीट सांभाळून आण, मग घाल काय धिंगाणा घालायचा तो. विरह आहे पण तो गळक्या घरातून, सतेल्या-पातेल्यांच्या मधून बोलतोय. अशी विरहिणी मला दुसरीकडे भेटली नाही. (गोदाकाठ यांनी दिलेली भिंतीवर रेघा मारणारी मात्र हिच्याच घराण्यातली.)

आणि नवऱ्याच्या बाजूने विंदा करंदीकरांची 'झपताल'. कवी बायकोला बघतोय, फक्त बघतोय. पहाटे पदर-ओचे खोचून ती उठते तेव्हापासून झपाझप वावरतेय, चूल, पाळणा, पोरांचं, याचं. शेवटी तो म्हणतो की संसाराच्या दहा फुटी खोलीत दिवसाच्या चोवीस मात्रा तू चपखल कशा बसवतेस ते मला अजून समजलेलं नाही. झपताल दहा मात्रांचा असतो, खोलीही दहा फुटांची, त्यात ही चोवीस बसवते. ज्याने ताल ऐकलाय त्याला ही केवढी मोठी दाद आहे ते लगेच कळेल, मोठ्यातल्या मोठ्या तबलजीला जमणार नाही ते तो बायकोला जमतं म्हणतोय. कोणी म्हणेल मग उठून मदत कर की, म्हणा, ते आपण आज म्हणायलाच हवं. पण त्या पिढीत मान वर करून बायकोचं काम बघणारे तरी किती होते? कवितेत शेज नाही, चांदणं नाही, 'प्रेम' असं कुठे म्हटलेलंही नाही, आणि मला ती मराठीतल्या उत्तम प्रेमकवितांपैकी एक वाटते.

नगरी

मी एक वेगळं सांगतो, ओळ नाही पण गोष्ट कवितेचीच आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाईंना आधी सांगितलंही नाही, पाच वर्षं दोघं वेगळे राहिले, तिने काय सोसलं ते तिच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. नंतर ती गेली त्याच्याकडे, आणि पुढे तिने धर्मही घेतला तो स्वतः विचार करून, नवरा म्हणाला म्हणून नाही. दोघं भांडायचे, ती त्याला सुनवायची, तो रागाने घरातून निघून जायचा, सगळं तिने मोकळेपणाने लिहिलंय. टिळकांनी येशूच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतलं आणि थोडेच अध्याय झाले असताना १९१९ मध्ये ते गेले. ते पुढे कोणी नेलं तर लक्ष्मीबाईंनी, जिला धड शाळा मिळाली नव्हती तिने साठाच्या वर अध्याय ओवीत लिहिले. नवऱ्याची अर्धी राहिलेली कविता आपल्या हाताने पुढे नेणं, मला यापेक्षा मोठं काही सुचत नाही. नगरला आमच्या लहानपणी म्हातारी माणसं टिळकांबद्दल बोलायची ते लक्ष्मीबाईंचं नाव घेतल्याशिवाय बोलायचीच नाहीत.

केतकी, तुमच्या यादीत सावित्रीबाई पण हव्यात. 'काव्यफुले' १८५४ चं, आणि १८९० मध्ये जोतिराव गेल्यावर 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर', त्यात जोतिरावांचं काम येतं. त्यांची जोतिरावांना लिहिलेली पत्रंही आहेत, १८५६ चं नायगावहून लिहिलेलं वाचा. माहेरी आजारी आहे, भाऊ सांगतोय की हे जातीबाहेरचं काम सोडा, आणि ती भावाला ठणकावून नवऱ्याची बाजू मांडते आणि मग ते सगळं नवऱ्याला कळवते. कविता नसली तरी कट्ट्यावर वाचण्यासारखं आहे.

केतकी_पुणे

नगरी, सावित्रीबाईंचं अगदी बरोबर. जोतिरावांच्या अंत्ययात्रेत टिटवं (अंत्यविधीचं मडकं) हातात धरून त्या पुढे चालल्या होत्या, त्या काळात बाईने. निष्ठा म्हणताना मला ते चित्र आधी आठवतं.

सायली_ठाणे

बाप रे, तुम्ही सगळ्यांनी मिळून कार्यक्रमच बसवून दिलात, खूप खूप आभार. अण्णाकाका, तुमचे श्लोक मी वहीत उतरवून घेतले. केतकीताई, तुम्ही ते बोललात ते फार बरं झालं, नाहीतर मी खरंच नुसता गोड भाग उचलला असता.

सध्या असा क्रम डोक्यात आहे. सुरुवात काजळीच्या गाथेने, मूळ प्राकृत आणि मग अर्थ, म्हणजे लोक हसतील आणि मोकळे होतील. लगेच 'झपताल', तेही स्वयंपाकघरच आहे म्हणून, ती आमच्याकडचे एक तबला वाजवणारे आजोबा वाचतील. मग अजविलापातला तो एक श्लोक. मग अद्वैतं सुखदुःखयोः आणि त्याच्या मागोमाग वासंतीने रामाला विचारलेला प्रश्न, दोन्ही एकाच माणसाने न वाचता एक पुरुष एक बाई असं. त्यानंतर इंदिराबाईंचा पाऊस, आणि लक्ष्मीबाईंची गोष्ट मी सांगेन. बहिणाबाई शेवटाकडे, आमच्या मजल्यावर भुसावळच्या एक मावशी आहेत त्यांना आजच विचारते. सोयराबाईंच्या अभंगाने संपवावं असं वाटतंय. उखाणे चहाच्या वेळेला, पुरुष आधी, हे ठरलं. मालतीमाधवातला श्लोक कुठे बसवू ते कळत नाहीये, अण्णाकाका सांगा ना. आणि संस्कृत श्लोक चालीत म्हणायला कोणी नाही आमच्याकडे, नुसता वाचला तर चालेल का?

अण्णा_नागपूर

मालतीमाधवाचा श्लोक उखाण्यांच्या आधी घ्या, लेकरांनो म्हणून केलेला उपदेश आहे, तुमच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंनी मराठीतून सांगितला तरी शोभेल. गृहिणी सचिवः मात्र चालीतच म्हणा, वृत्त वियोगिनी आहे, अजविलाप सगळा त्याच चालीत आहे आणि ती चालच रडवी आहे, नुसता वाचला तर निम्मा जाईल. अवघड नाही, शाळेत संस्कृत घेतलेली एखादी मुलगी दहा मिनिटांत उचलेल. मी आज रात्री रेकॉर्ड करून व्यक्तिगत निरोपातून लिंक पाठवतो. आवाज आता पूर्वीसारखा राहिला नाही, पण चाल कळेल.

खान्देशी_माणूस

ताई भुसावळच्या मावशी हो म्हणाल्या तर इथे नक्की कळवा. नाही म्हणाल्या तर मायचा आवाज माझ्याकडे मोबाइलमध्ये आहे, तो लावा.